गेम-क्लबमध्ये क्रम चुकवू नका: स्क्रॅचवर गेम बनवता बनवता मुलांना शिकू कसं द्यावं

उन्हाळी सुट्टीत किंवा शनिवारी दुपारी शाळेच्या संगणक कक्षात ‘गेम बनवायला शिका’ असा उपक्रम सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच पद्धतीने फसतो. पहिल्याच दिवशी प्रोजेक्टरवर स्क्रॅच (सूचनांचे रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून निळे ब्लॉक कशाचे, जांभळे कशाचे, पिवळे कशाचे हे सांगितलं जातं. मुलं पडद्याकडे बघून जसंच्या तसं जोडत जातात. पडद्यावरचं मांजर दहा पावलं चालतं. दुसऱ्या दिवशी तेच मांजर वळतं. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली मुलं ब्राउझरमधल्या डायनासोरला उड्या मारायला लावत बसलेली असतात आणि शिकवणारे म्हणतात, ‘यांना नुसतं खेळायला हवं, शिकायला नको.’

खेळायला हवं हे खरंच आहे, आणि तिथूनच सुरुवात करायची असते. मुलं घरी मोबाइलवर एखादा गेम कोणी न शिकवता शिकतात. आधी खेळतात, हरतात, शेजारच्याला विचारतात, पुन्हा खेळतात. गेम-क्लबमध्ये हाच क्रम टिकवायचा: खेळणं, मोडून बघणं, दुरुस्त करणं, स्वतःचं बनवणं, दुसऱ्याला खेळायला देणं. क्रम उलटा केला की तो आणखी एक तास होतो, आणि तासांची मुलांकडे कमतरता नाही.

हा लेख शिक्षक, ग्रंथालय चालवणारे, सोसायटीत मुलांना जमवणारे ताई-दादा आणि हौशी पालक यांच्यासाठी आहे. समोर पाचवी ते आठवीची मुलं, आठ-दहा संगणक, आठवड्यातून एकदा दीड तास आणि साधारण आठ सत्रं असं गृहीत धरलं आहे. साधन म्हणून स्क्रॅच घेतलं आहे, कारण ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि आठ ते सोळा वयाच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना यात ओढू नका. त्यांच्यासाठी टॅबलेटवर चालणारं स्क्रॅच-ज्युनिअर वेगळं आहे.

## १. मुलं येण्याआधी कक्ष तपासा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात जास्त सत्रं इथेच वाया जातात.

प्रत्येक संगणकावर स्वतः बसा. स्क्रॅचचं ॲप विंडोज १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर चढतं. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर सध्याचं ॲप चढत नाही, आणि लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. तिथे ब्राउझरमध्ये स्क्रॅच उघडतं का ते बघा. त्याला इंटरनेट लागतं, पण खातं न काढताही काम करता येतं आणि फाइल संगणकावर उतरवून ठेवता येते. काही शाळांत स्क्रॅचची फार जुनी आवृत्ती आधीच टाकलेली असते. नव्या आवृत्तीच्या फाइलचं शेपूट ‘.एसबी३’ असतं आणि ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती ठेवा, नाहीतर या संगणकावरचं काम त्या संगणकावर उघडणार नाही आणि मूल रडवेलं होईल.

कीबोर्डचे बाण चालतात का, हे प्रत्यक्ष दाबून बघा. गेमसाठी तेवढेच महत्त्वाचे. आवाज हवा असेल तर स्पीकर बघा, पण माइक सगळीकडे असण्याची गरज नाही. एका संगणकावर असला तरी पुरतो.

सावध: अनेक कक्षांत संगणक बंद करून सुरू केला की सगळं मूळपदावर आणणारं सॉफ्टवेअर घातलेलं असतं. मुलांनी डेस्कटॉपवर ठेवलेला गेम पुढच्या शनिवारी गायब असतो. एक रिकामी फाइल ठेवा, संगणक बंद करा, परत सुरू करा आणि फाइल आहे का बघा. नसेल तर पेनड्राइव्हवर किंवा न पुसल्या जाणाऱ्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायची सोय करा.

सावध: मोबाइलवर क्लब चालवायच्या भरीला पडू नका. छोट्या पडद्यावर ब्लॉक बोटाने धरणं अवघड जातं आणि बाणांची बटणं नसतात. टॅबलेट चालतो, पण गेम स्पर्शाने खेळायचा बनवावा लागतो.

फाइलच्या नावाची पद्धत आधीच ठरवून फळ्यावर लिहा: गट क्रमांक, गेमचं नाव, कितवी आवृत्ती. ‘गट४-आंबे-२’. नाहीतर सगळ्या फाइलींचं नाव ‘स्क्रॅच प्रोजेक्ट’ राहतं आणि कोणाची कोणती हे शोधण्यात वीस मिनिटं जातात.

## २. नमुना गेम घरी बनवा

कोरा पडदा मुलांसमोर ठेवू नका. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर चालणारा, छोटा, जरा कच्चा वाटेल असा गेम हवा. तो तुम्ही स्वतः बनवा. उतरवून घेतलेला चकचकीत गेम उपयोगाचा नाही, कारण त्याच्या पोटात शेकडो ब्लॉक असतात आणि उघडून बघितल्यावर मूल हबकतं.

‘आंबे झेला’ हा गेम पुरेसा आहे. वरून आंबा पडतो, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते, झेलला की एक गुण, तीस सेकंदांत संपतं. टोपलीसाठी स्क्रॅचच्या चित्रसंग्रहातलं भांडं घ्या. आंबा पिवळ्या लंबगोलाने स्वतः काढा. बेढब निघाला तरी चालेल. बेढब आंबा बघून ‘मी याच्यापेक्षा चांगला काढतो’ असं म्हणणारं मूल लगेच कामाला लागतं.

रचना अशी (हिरवा झेंडा म्हणजे गेम सुरू करायचं बटण, एक्स म्हणजे पडद्यावरची आडवी जागा, वाय म्हणजे उभी):

- टोपली: हिरवा झेंडा दाबल्यावर, ‘फॉरएव्हर’च्या (आतले ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणारा फेरा) आत दोन ‘इफ’ (‘असं असेल तर’ ही अट). उजवा बाण दाबलेला असेल तर एक्स १० ने वाढतो, डावा असेल तर १० ने कमी होतो.
- आंबा: हिरवा झेंडा, मग वर जा (वाय १८०, एक्स उणे २२० ते २२० मधला कुठलाही). त्यानंतर ‘फॉरएव्हर’च्या आत: वाय ५ ने कमी कर. टोपलीला लागला तर गुण १ ने वाढव आणि परत वर जा. वाय उणे १७० पेक्षा कमी झाला तरी परत वर जा.
- रंगमंच: हिरवा झेंडा, गुण शून्य, वेळ तीस. तीस वेळा: एक सेकंद थांब, वेळ एकाने कमी कर. शेवटी सगळं थांबव.

स्क्रॅचचा रंगमंच ४८० रुंद आणि ३६० उंच असतो आणि शून्य बरोबर मध्यभागी असतो. म्हणून एक्स उणे २४० ते २४० आणि वाय उणे १८० ते १८०. हे तुम्हाला माहीत हवं. मुलांना एवढ्यात सांगू नका.

आता याच गेमच्या चार बिघडलेल्या प्रती करा, एका प्रतीत एकच बिघाड:

- प्रत अ: टोपलीचा ‘फॉरएव्हर’ काढून टाका. बाण दाबले तरी टोपली जागची हलणार नाही.
- प्रत आ: ‘गुण शून्य’ हा ब्लॉक काढा. दुसरा डाव जुन्या गुणांवरून सुरू होईल.
- प्रत इ: गुण वाढवण्याची तपासणी आंब्यातून काढून टोपलीच्या ‘फॉरएव्हर’मध्ये ठेवा आणि झेलल्यावर वर जाणं काढून टाका.
- प्रत ई: उणे १७० च्या जागी उणे २५० लिहा. न झेललेला आंबा तळाशी अडकून बसेल, कारण स्क्रॅच छोट्या चित्राला रंगमंचाच्या पूर्ण बाहेर जाऊ देत नाही.

तपासा: चारही प्रती स्वतः दुरुस्त करून बघितल्या का? बिघाड कुठे आहे हे तुम्ही केलेलं असलं तरी दुरुस्तीचे किती मार्ग निघतात ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

## ३. पालकांना आधी सांगा

‘गेम’ हा शब्द ऐकला की पालकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलला चिकटलेलं मूल आणि पैसे लावायचे ॲप येतात. ती भीती खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली ती उगाच नाही. म्हणून एका चिठ्ठीत साध्या शब्दांत लिहा: मुलं गेम बनवणार आहेत, पैशांचा संबंध नाही, घरी इंटरनेट लागणार नाही, शेवटच्या दिवशी तुम्ही बघायला या.

मुलांची ऑनलाइन खाती काढायची गरज पहिल्या आठ सत्रांत पडत नाही. काढलीच तर खऱ्या नावाची, शाळेच्या नावाची, फोटोची खाती नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालकच आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. स्क्रॅचवर शिक्षकांसाठी वेगळं खातं मिळतं. त्यातून मुलांना ईमेलशिवाय खाती देता येतात. तो मार्ग बरा.

## ४. पहिलं सत्र: खेळा आणि आकडे बदला

एका संगणकावर दोन मुलं बसवा. तीन बसवली तर तिसरं खिडकीबाहेर बघतं, आणि एकटं बसवलं तर अडल्यावर बोलायला कोणी नसतं. दोघांपैकी एक माउस धरणार, दुसरं सांगणार. दर दहा मिनिटांनी टाळी वाजवून अदलाबदल. ही अदलाबदल तुम्हीच घड्याळ लावून करा, मुलांवर सोडू नका.

सावध: मुलगा-मुलगी जोडीत माउस बहुतेक वेळा मुलाच्या हातात राहतो, आणि मुलगी ‘बघत’ शिकते असं आपण मानून घेतो. निदान पहिल्या दोन सत्रांत मुलींच्या मुलींशी जोड्या लावा, आणि अदलाबदलीच्या वेळी कोणाचा हात माउसवर आहे हे फिरून बघा. गेमचा संगणक मुलांचा, ही समजूत अशाच छोट्या गोष्टींतून घट्ट होते.

पहिली पंधरा मिनिटं नुसतं खेळू द्या. सूचना नाहीत, स्पष्टीकरण नाही. आरडाओरडा होऊ द्या. मग एकच प्रश्न विचारा: ‘या गेममध्ये तुम्हाला काय आवडलं नाही?’ उत्तरं येतात: फार सोपा आहे, टोपली हळू आहे, एकच आंबा आहे, आंबा घाण दिसतो.

आता सांगा, ‘आत जाऊन बदला.’ ब्लॉकमधले आकडे बदलायचे, नवीन काही जोडायचं नाही. पाचाच्या जागी पन्नास केले की आंबा दिसतो न दिसतो तोच खाली. दहाच्या जागी उणे दहा केले की टोपली उलटी पळते. टोपली शंभराने उडते. एकमेकांच्या पडद्यांकडे धाव सुरू होते. हा गोंधळ अडवू नका. कोणता आकडा कशाचा, हे ती अशाच पद्धतीने शोधून काढतात आणि सांगून कळलं नसतं इतकं पक्कं लक्षात ठेवतात.

तपासा: सत्र संपताना प्रत्येक जोडीने शेजारच्या जोडीला ‘हा आकडा बदलला की हे होतं’ अशी एक गोष्ट दाखवली का? दाखवली असेल तर पहिलं सत्र जमलं. ब्लॉकची नावं कोणाला आली नाहीत याची चिंता करू नका.

## ५. दुसरं आणि तिसरं सत्र: बिघाड शोधणं

संपूर्ण क्लबचं सार या दोन सत्रांत आहे. घाईच्या क्लबांमध्ये नेमकी हीच गाळली जातात. ‘चुका शोधण्यात वेळ कशाला, थेट बनवूच’ असं वाटतं. पण ज्या मुलाला बिघाड शोधायची सवय नाही ते स्वतःचा गेम पहिल्यांदा अडकला की सोडून देतं. आणि गेम अडकतोच.

प्रती अ, आ, इ, ई या क्रमाने द्या. प्रत्येक जोडीला फळ्यावरचे तीन प्रश्न:

१. काय व्हायला हवं होतं?
२. प्रत्यक्षात काय झालं?
३. कुठपर्यंत बरोबर चाललं?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. मुलं ‘चालत नाही’ एवढंच म्हणतात. ‘कुठपर्यंत चाललं?’ विचारलं की नजर नेमक्या ब्लॉकवर जाते.

प्रत अ मध्ये ‘टोपली हलत नाही’ म्हणून मुलं आधी कीबोर्डला दोष देतात. त्यांना झेंडा दाबायला सांगा आणि मग बाण. झेंडा दाबल्या क्षणी संगणकाने ‘बाण दाबलाय का?’ असं एकदाच विचारलं आणि तो मोकळा झाला, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलतं. ते वाक्य मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबा.

प्रत इ जरा जवळून बघू, कारण ती सगळ्यात श्रीमंत आहे. मूल ओरडतं, ‘ताई, एकच आंबा झेलला आणि गुण अकरा झाले!’ इथे उत्तर देऊ नका. म्हणा, ‘आंबा आणखी हळू पाडून बघा.’ ती पाचाच्या जागी एक करतात. गुण आता पन्नासच्या पुढे जातात. शांतता पसरते. मग कोणीतरी हळूच म्हणतं, ‘लागून आहे तोवर मोजतच राहतंय.’ बरोबर. स्क्रॅच हा फेरा सेकंदाला साधारण तीस वेळा मारतं, आणि आंबा टोपलीवरून सरकेपर्यंत प्रत्येक फेऱ्यात गुण वाढतो.

पहिली दुरुस्ती बहुतेक मुलं अशी सुचवतात: गुण वाढवल्यावर एक सेकंद थांबायचं. करू द्या. गुण बऱ्यापैकी ताळ्यावर येतात, पण टोपलीही सेकंदभर गोठते, कारण थांबायला सांगितलं ते टोपलीच्याच फेऱ्यात. हे बघून मुलं स्वतःच चिडतात. मग कोणी गुणांसाठी वेगळा झेंडा आणि वेगळा फेरा लावतं, कोणी झेललेला आंबा ताबडतोब वर पाठवतं, कोणी लपवतं. या सगळ्या दुरुस्त्या फळ्यावर लिहा आणि ‘कोणती चांगली?’ यावर भांडू द्या. एका बिघाडाला तीन उत्तरं असू शकतात आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा बरं असू शकतं, हे वर्गातल्या फळ्यावर फार क्वचित घडतं.

सावध: माउस हातात घेऊ नका. ही चूक सगळ्यात प्रेमळ माणसंही करतात. मूल अडलं की दोन सेकंदांत ब्लॉक योग्य जागी ठेवून देतात आणि मुलाला वाटतं, माझं चुकलं होतं, ताईंनी दुरुस्त केलं. हात पाठीमागे बांधून फिरा. बोटाने पडद्यावर दाखवायचीही सवय मोडा, प्रश्नच विचारा.

सावध: सगळ्यात आधी कोणी शोधलं याचे गुण देऊ नका. गुण आले की जोड्या पडदे झाकायला लागतात, आणि शेजारच्या पडद्यावर डोकावणं हाच तर इथला अभ्यास आहे.

## ६. स्वतःचा गेम: आधी कागद

तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या अर्ध्या तासात संगणक बंद करा. प्रत्येक जोडीला एक कोरा कागद द्या आणि हे लिहायला किंवा काढायला सांगा: कोण हलतं? कशाने हलतं? काय झालं की मिळतं, काय झालं की जातं? गेम कधी संपतो?

अर्धी मुलं बंदुकांचा, शंभर खेळाडूंचा गेम मागतील. ‘ते शक्य नाही’ म्हणू नका. म्हणा, ‘त्यातला दहा सेकंदांचा एकच प्रसंग निवड.’ मग तो गेम छपरावरून पॅराशूटने नेमक्या जागी उतरण्याचा होतो, आणि तो बनवता येतो. मुलांना त्यांच्याच रोजच्या गोष्टींकडे वळवलं तर कल्पना जास्त चांगल्या येतात: सुटलेली एसटी गाठणं, रखवालदार बघत नसताना कैरी पाडणं, पतंगाची दोरी वाचवणं, पावसात दप्तर न भिजवता घरी पोचणं. एसटी गाठण्याच्या गेममध्ये अडथळे कोणते हे ठरवताना मुलं आपापल्या गावचा स्टँड आठवतात आणि गेममध्ये म्हैस येते, खड्डा येतो, वाटेत हात धरून थांबवणारी आजी येते.

सावध: ‘गेम शैक्षणिकच हवा’ अशी अट घालू नका. पाढ्यांची प्रश्नमंजूषा बनवा म्हटलं की मुलं निमूटपणे बनवतात आणि परत कधीच उघडत नाहीत. गुण कसे वाढतील, वेळ किती द्यावा, अवघड कधी करावं, हे ठरवताना जो विचार होतो तोच इथला अभ्यास आहे. त्यावर अभ्यासक्रमाचं कव्हर चढवण्याची गरज नाही.

तपासा: कागदावरची गोष्ट तुम्हाला तीन वाक्यांत सांगता येते का? येत नसेल तर गेम मोठा आहे. जोडीला अर्धा खोडायला लावा.

## ७. बनवण्याची सत्रं

चौथं आणि पाचवं सत्र बनवण्याचं. नियम एकच, पण ठाम: आधी हालचाल, मग सजावट. म्हैस म्हणजे तूर्त एक तपकिरी चौकोन. चौकोन नीट धावायला लागला, धडकला की गेम संपायला लागला, की मग म्हैस काढा. उलटं केलं तर दीड तास शिंगांना रंग देण्यात जातो आणि पुढच्या शनिवारीही म्हैस उभीच असते. एखाद्या मुलाला चित्र काढण्यातच रस असेल तर त्याला दाबू नका. त्याच्या जोडीला हालचाल करणारं मूल द्या आणि चित्रांसाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा.

मुलं कुठे हमखास अडतात ते माहीत असू द्या. डावीकडे वळवलेलं चित्र उलटं, डोक्यावर उभं राहतं. वळण्याची पद्धत फक्त ‘डावी-उजवी’ केली की सरळ होतं. अडथळे खूप हवेत म्हणून मुलं एकच चित्र दहा वेळा प्रत करतात आणि मग दहाही ठिकाणी दुरुस्ती करत बसतात. त्या वेळी ‘क्लोन’ (गेम चालू असताना एकाच चित्राच्या आपोआप निघणाऱ्या प्रती) दाखवायची योग्य वेळ आलेली असते. आधी दाखवलं तर ते निरर्थक वाटतं. क्लोन काढून टाकायचे राहिले तर ते साचत जातात, आणि एकावेळी तीनशेच्या वर क्लोन स्क्रॅच बनवत नाही, म्हणून मध्येच अडथळे यायचे थांबतात.

संवादाच्या फुग्यात देवनागरी लिहिता येतं, पण विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड आधी सुरू करून ठेवा. आवाज मात्र मुलांचाच रेकॉर्ड करा. ‘अगं थांबव ना गाडी!’ हे स्वतःच्या आवाजात ऐकल्यावर मुलं त्या गेमसाठी किती जास्त राबतात ते बघण्यासारखं असतं.

अडल्यावर विचारायचा क्रम भिंतीवर लावा: आधी जोडीदार, मग शेजारची जोडी, मग ताई. कोणाला यूट्यूबवर बघायचं असेल तर बघू द्या, दहा मिनिटं, एका ठरावीक गोष्टीसाठी. पूर्ण गेमचा व्हिडिओ लावून तो गेम जसाच्या तसा उतरवू देऊ नका. बघून केलेला तुकडा कसा चालतो हे शेजारच्या जोडीला समजावता आलं तर तो तुमचा. दुसऱ्याचा गेम घेऊन त्यात बदल करणं स्क्रॅचमध्ये मान्यच आहे. तिथे सामायिक केलेले गेम मूळ निर्मात्याचं नाव देऊन वापरता येतात, आणि ते नाव देण्याची सवय याच वयात लागावी. चित्रं मात्र गूगलवरून ओढू नका, काढायला लावा.

तपासा: दर अदलाबदलीच्या टाळीला ‘सेव्ह’ झालं का? दिवे जातात तेव्हा कोणाला सांगून जात नाहीत.

## ८. परक्याला खेळायला द्या

सहावं सत्र चाचणीचं. थेट शेवटच्या दिवशी पालकांसमोर गेम उघडले जातात आणि चाचणी राहून जाते, असं फार होतं. खरी शिकवण चाचणीत मिळते.

जोड्यांची अदलाबदल करा. बनवणाऱ्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. खेळणारा अडला तरी सांगायचं नाही. हातात कागद-पेन्सिल: तो कुठे थांबला, काय दाबलं, कधी हसला, कधी कंटाळला. गप्प राहणं मुलांना फार जड जातं. ‘अरे, स्पेस दाब ना!’ तोंडावर आलेलं असतं. पण ते सांगावं लागतंय म्हणजे गेमनेच सांगायला हवं होतं, हे पाच मिनिटांत कळतं आणि पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला सूचनांचा पडदा येतो. आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नसते, हे निबंधाच्या वहीत लाल पेनाने लिहून समजत नाही.

सातवं सत्र त्या नोंदींवरून दुरुस्तीचं. नवीन काही जोडायचं नाही.

## ९. दाखवण्याचा दिवस

स्पर्धा नको, बक्षिसं नकोत. संगणकांसमोर खुर्च्या ठेवा आणि पालकांना, धाकट्या भावंडांना, शाळेच्या शिपाईमामांना खेळायला बसवा. मूल बाजूला उभं राहील. येणाऱ्या मोठ्यांना दारातच सांगा: ‘छान आहे’ एवढंच म्हणू नका, ‘यात सगळ्यात अवघड काय गेलं?’ हे विचारा. मुलं त्याचं उत्तर लांबलचक देतात, आणि आपल्या मुलाला इतकं बोलताना बऱ्याच पालकांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

## १०. अभ्यासाशी जोड, पण उशिरा

गणिताच्या शिक्षकांना यात पुष्कळ सापडेल. सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या आणि नववीत निर्देशक भूमिती येते. इथे पाचवीचं मूल ‘उणे १७० च्या खाली गेला की वर पाठव’ असं सहज म्हणतं. हे दुवे जोडा, पण मुलाने ते वापरून झाल्यावर आणि गणिताच्या तासाला. क्लबमध्ये फळ्यावर अक्ष काढून सुरुवात केली तर लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या जागीच परत याल.

एक ठिकाण जपून. स्क्रॅचमध्ये दिशा शून्य म्हणजे वर, नव्वद म्हणजे उजवीकडे, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो. त्रिकोणमितीत शून्य उजवीकडे असतं आणि कोन उलट दिशेने वाढतो. मोठ्या वर्गांत दोन्ही एकत्र आलं की मुलांचा गोंधळ होतो. फरक सरळ सांगून टाका.

शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याची फाइल द्या, पेनड्राइव्हवर किंवा पालकांच्या मोबाइलवर. ज्यांच्या घरी संगणक नाही अशी मुलं जवळपास प्रत्येक क्लबमध्ये असतात आणि त्यांचं शिकणं इथे थांबतं. मुख्याध्यापकांकडून आठवड्यातला एक तास तरी मागून घ्या, ज्यात कक्ष नुसता उघडा असेल. शिकवणारं कोणी नसलं तरी चालेल. किल्ली कोणाकडे राहील आणि त्या तासाला कक्षात कोण बसेल, हे क्लब संपण्याआधी ठरवा.